खुरावरून सांबराची परीक्षा

धनुष्यबाणाने हरणाची शिकार करू पाहणाऱ्या माणसाला नेमबाजीइतकीच वाचनाची गरज असते, आणि हे वाचन पुस्तकाचे नसून झाडाच्या सोललेल्या सालीचे, चिखलातल्या खुरांचे, उकरलेल्या मातीचे आणि, संकोच बाजूला ठेवून सांगायचे तर, लेंड्यांचे असते. बंदूकवाला दोनशे पावलांवरून आपले काम उरकू शकतो. बाणवाल्याला मात्र जनावर पंचवीस-तीस पावलांच्या आत यावे लागते, आणि ते स्वतःच्या मर्जीने येणार असल्यामुळे कोठून, केव्हा आणि कशासाठी येईल हे आधीच ताडून ठेवणे भाग पडते. उत्तर अमेरिकेत अशी शिकार परवाना काढून कायदेशीरपणे केली जाते, आणि तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा नर शरद ऋतूत ज्या खुणा मागे ठेवतो त्यांचे एक शास्त्रच उभे राहिले आहे: शिंगे घासून सोललेल्या खोडाला एक नाव, पुढच्या खुरांनी उकरून वर मूत्र सोडलेल्या जागेला दुसरे, आणि त्या जागेवर झुकलेल्या, नराने चावून-चाटून ठेवलेल्या डहाळीला तिसरे. एवढे सगळे पाठ करून माणूस झाडावर बसतो, नर बरोबर ठरल्या वाटेने येतो, आणि मग पदार्थविज्ञान आडवे येते. आधुनिक कप्पीच्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला सुमारे ९० मीटर जातो, दोरीचा आवाज सुमारे ३४० मीटर. म्हणजे २५ मीटरांवरच्या हरणाला बाण पोचण्यापूर्वी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी आगाऊ सूचना मिळते. सावध हरीण तेवढ्यात उसळी मारण्यासाठी अंग खाली दाबते आणि बाण पाठीवरून निघून जातो. महिनाभराच्या अभ्यासाचा निकाल इतक्या झटपट लागणारी दुसरी परीक्षा सहसा आढळत नाही.

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे आतल्या अंगाचे तालुके. येथे समुद्र दिसत नाही आणि सह्याद्री नजरेआड होत नाही. महाबळेश्वरावर उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडास येते, आंबेनळी घाट वर महाबळेश्वराकडे, वरंध घाट भोरकडे आणि कशेडी घाट खेडकडे जातो, आणि या तिन्ही घाटांच्या कुशीत सांबर, भेकर, पिसोरी आणि रानडुक्कर यांचे वास्तव्य आहे. येथे नराच्या खुणा भरपूर असल्या तरी त्या वाचून पुढे काही करण्याची सोय नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद झाली, आणि त्याआधीही १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने ती परवान्यांनी व मोसमांनी बांधलेली होती. रानात गळून पडलेले सांबराचे शिंग उचलून घरी आणणेही कायद्यात बसत नाही, मग ते दिवाणखान्यात कितीही शोभणारे असो. धनुष्यबाण म्हटल्यावर या भागातील माणसाला आता आधी मतदान यंत्र आठवते. धनुष्यबाण हे पक्षचिन्ह नक्की कोणाचे हा वाद २०२२-२३ मध्ये निवडणूक आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गाजला खरा, परंतु त्यात हरणाची बाजू कोणी मांडल्याचे ऐकिवात नाही. अशा रीतीने बाण गेला, नेम गेला, आणि वाचन तेवढे उरले. निकालाची भीती नसल्यामुळे हे वाचन फारच आत्मविश्वासाने केले जाते.

या वाचनाचा मुख्य विषय सांबराचा नर. सांबर हे भारतातील सर्वांत मोठे हरीण असून पूर्ण वाढलेल्या नराचे वजन दोनशे किलोंच्या पुढे जाते. मराठी प्राणिशास्त्रात हरणांचे दोन गट केले जातात: ज्यांची शिंगे भरीव, फाटे फुटलेली आणि ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवणारी असतात ते सारंग, आणि ज्यांची शिंगे पोकळ व कायमची असतात ते कुरंग. सांबर व भेकर हे सारंग, तर चौशिंगा हा कुरंग होय. साधारणतः हिवाळ्याच्या दिवसांत सांबराचा नर माजावर येतो, आणि मग तो झाडाच्या खोडावर शिंगे घासून साल सोलून काढतो, चिखलाच्या डबक्यात स्वतःच्या मूत्राची भर घालून त्यात लोळतो, आणि डोळ्यांखालच्या ग्रंथीतून पाझरणारा स्राव फांद्यांना पुसत फिरतो. एवढ्यानेही समाधान झाले नाही तर तो मागच्या दोन पायांवर उभा राहून उंचावरच्या फांदीलाही शिंगे आणि तोंड घासतो, म्हणजे आपली सही शक्य तितक्या वरच्या जागी राहील अशी व्यवस्था करतो.

या वर्तनाचा अर्थ लावण्यासाठी प्राणिशास्त्राचे ग्रंथ उघडण्यापूर्वी मुंबई–गोवा महामार्गाने महाडच्या नाक्यावरून पोलादपुरापर्यंत एक फेरी मारणे अधिक उपयुक्त ठरते. विजेच्या खांबांना, पुलांच्या कठड्यांना आणि चौपदरीकरणातून वाचलेल्या झाडांना जे वाढदिवसाचे व शुभेच्छांचे फलक लागलेले असतात, त्यांचा आणि सोललेल्या खोडांचा हेतू एकच आहे. फलकावरचा चेहरा कोणालाही उद्देशून काही नवे सांगत नसतो. ‘हा भाग कोणाचा’ एवढेच तो प्रतिस्पर्ध्याला कळवतो, आणि प्रतिस्पर्धी शेजारच्या खांबावर वीतभर उंच फलक लावून त्याची पोच देतो. नव्या सांबराने जुन्या सांबराच्या खोडावरच शिंगे घासावीत, हेही त्यातच आले. मोसम संपला की सांबराची शिंगे गळतात आणि फलकाचे कापड फाटून लोंबू लागते, पण खोडावरची जखम व खांबाला बांधलेली तार पुढच्या मोसमापर्यंत तशीच राहते, आणि नवखा वाचक त्या शिळ्या मजकुरावरून ताज्या सत्तेचे अनुमान काढतो. सांबराची बाजू घेऊन एवढेच म्हणता येईल की तो स्वतःच्या चेहऱ्याभोवती शुभेच्छुकांचे वीस छोटे चेहरे लावत नाही.

शिळ्या आणि ताज्या खुणेतला भेद हाच या विद्येचा गाभा होय. ताजे सोललेले खोड ओलसर, फिकट आणि चिकट असते, काही ठिकाणी साल धाग्यांनी लोंबत असते आणि बुंध्याशी पडलेला भुगा अजून विखुरलेला नसतो. जुन्या जखमेच्या कडा काळपट होऊन आत वळू लागलेल्या असतात. ताज्या खुराच्या ठशाची कड धारदार असते, आणि त्यावर रात्रीचे दव पडून गेले किंवा कोळ्याने जाळे विणले, तर जनावर निदान काल गेले असे समजावे. ताजी लेंडी चकाकते, जुनी निस्तेज होऊन भुसभुशीत पडते. हे नियम बिनचूक आहेत, फक्त महाड-पोलादपुरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात सकाळची खूण दुपारी वाचायला शिल्लक राहत नाही. उरलेल्या आठ महिन्यांत कातळावर ठसा उमटत नाही, पाचोळ्यावर उमटला तरी दिसत नाही, आणि वणव्याने जळलेल्या उतारावर सगळेच ठसे एकाच वयाचे वाटतात. शेवटी वाचनालय उघडे राहते ते तीनच ठिकाणी: भातखाचराच्या ओल्या बांधावर, पऱ्ह्याच्या, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या, काठच्या गाळात, आणि घाटातल्या कच्च्या रस्त्याच्या धुळीत.

त्या तिन्ही ठिकाणी हरणांआधी शेळ्या येऊन गेलेल्या असतात. हा या भागातील मागशास्त्राचा सर्वांत मोठा अडसर आहे. भेकराचा खूर निमुळता, पुढे टोकदार आणि दोन फाके जवळजवळ असलेला, तर शेळीचा खूर बोथट आणि फाके विलगलेला, असा फरक सांगितला जातो, आणि तो सपाट, मऊ, न घसरणाऱ्या मातीत खरोखर दिसतोही. परंतु अशी माती आणि सरळ चालणारी शेळी या दोन्ही गोष्टी एकत्र सापडणे दुर्मीळ असते. उतारावर शेळी घसरली की तिचा ठसा लांबट होऊन भेकराचा होतो, आणि भेकर चिखलात रुतले की त्याचे खूर फाकून त्याची शेळी होते. धनगरवाड्याजवळच्या पाणवठ्यावर ‘सांबराची मादी आणि पिल्लू’ म्हणून ज्यांची छायाचित्रे काढली जातात, त्यांतील काही जणी संध्याकाळी बें-बें करीत गोठ्यात परततात.

ठशावरून नर की मादी हे ओळखण्याची तर आणखी पंचाईत आहे. नराचा ठसा रुंद, टोकाशी झिजलेला आणि खोल असतो असे छातीठोकपणे सांगितले जाते, पण म्हातारी, जड मादी आणि तरुण, हलका नर एकाच वाटेने गेले की हे शास्त्र कोलमडते. त्यातल्या त्यात भरवशाचा निकष एकच आहे, आणि तो सभ्य वाङ्मयात जागा न मिळालेला असल्यामुळे उपेक्षित राहिला आहे. जनावर उभे असताना सोडलेल्या मूत्राचा ओला डाग मागच्या पायांच्या ठशांच्या पुढे, पोटाखाली पडला असेल तर तो नर, आणि मागच्या ठशांच्या मधोमध किंवा मागे पडला असेल तर ती मादी. शरीररचनेवर आधारलेला हा पुरावा सहसा खोटा ठरत नाही. तरीही रानात गेलेला माणूस शिंगांच्या, रुंद खुरांच्या आणि भारदस्त चालीच्या खुणांवर तासभर बोलतो आणि या डागाजवळ आला की घसा खाकरून आभाळाकडे पाहतो.

भेकराची गोष्ट थोडी निराळी आहे. वीस-पंचवीस किलोंचे हे हरीण धोका वाटला की कुत्र्यासारखे भुंकते, आणि एकदा लागले की तासभरही थांबत नाही. नराची शिंगे वीतभरही नसतात आणि ती केसाळ कातडीने मढलेल्या लांब दांड्यांवर बसवलेली असतात. त्यांची उणीव भरून काढण्यासाठी त्याला वरच्या जबड्यात सुळे दिलेले आहेत. तो खालच्या दातांनी लहान झाडांची साल खरवडतो, खुरांनी माती उकरतो आणि डोळ्यांपुढच्या मोठ्या ग्रंथी जमिनीला व पानांना घाशीत हद्द आखतो. पेशीशास्त्राच्या दृष्टीने भेकर जगप्रसिद्ध आहे, कारण माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात तर भेकराच्या मादीच्या पेशीत अवघी ६, आणि सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या आढळलेली नाही. नराच्या पेशीत ती ७ असतात. नराचा जो काही अधिकपणा आहे तो या एका गुणसूत्राचा, आणि सोललेली साल, उकरलेली माती व रात्रभराचा आरडाओरडा पाहता त्याने त्याचा पुरेपूर वापर केलेला दिसतो. याच्या अगदी उलट पिसोरी: तीनेक किलोंचे, अंगावर पांढरे ठिपके-पट्टे असलेले, रात्री हिंडणारे आणि दिवसा कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत दडणारे हे चिमुकले जनावर शिंगेच धारण करीत नाही, मग ती घासणार कोठून? नराच्या खुणांच्या शास्त्रात पिसोरीला स्थान नाही, आणि बहुधा म्हणूनच ती अजून टिकून आहे.

खूण चुकीची वाचण्याला भारतीय परंपरेत मोठे आधार आहेत. दशरथाने घडा भरण्याचा आवाज ऐकून हत्ती समजून बाण सोडला, पांडूने हरणाच्या जोडीवर बाण टाकला तर तो ऋषी निघाला, जरा नावाच्या व्याधाने झाडाखाली विसावलेल्या श्रीकृष्णाचे पाऊल पाहून हरीण समजले, आणि सोन्याचे हरीण असू शकते का हा साधा प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे पुढचे सगळे रामायण घडले. एक राज्य पोरके झाले, एक राजा संसाराला मुकला, एका युगाचा अंत झाला; सगळ्यांच्या मुळाशी मागाचे घाईने केलेले वाचन. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेला स्वतंत्र स्थान आहे, परंतु राजाची गोष्टच वेगळी, त्याला माग वाचावा लागत नाही, वाचणारे पदरी असतात. महाड-पोलादपूर परिसरातले सर्वांत महागात पडलेले चुकीचे वाचन मात्र हरणाशी संबंधित नाही. पोलादपुराच्या डोक्यावरच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाने समोरच्या माणसाची नम्रता ही भीतीची खूण आहे असे वाचले.

आजच्या काळात या दोन तालुक्यांत खुणांचे वाचन करणाऱ्यांचे काही ठळक वर्ग पडतात. त्यांत सर्वांत मोकळेपणाने वाचणारा तो चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरी करणारा आणि गणपतीला व शिमग्याला गावी येणारा कोकणी माणूस. कोकणातील काही गावांत शिमग्याच्या सुमारास सगळ्यांनी मिळून पारधीला जाण्याची जुनी रीत होती. ती गेली, पण आजोबांनी ठासणीच्या बंदुकीने पाडलेल्या सांबराची कथा राहिली आणि दर शिमग्याला त्या सांबराच्या शिंगांना एक नवा फाटा फुटत गेला. वास्तविक भारतीय सांबराच्या प्रत्येक शिंगाला सामान्यतः तीनच टोके असतात. चाकरमान्याला कोणताही ठसा अनोळखी नसतो. बांधावर कुत्र्याच्या पावलाचा ठसा दिसला तर तो बिबट्या असतो, आणि नखे उमटली आहेत याकडे लक्ष वेधले तर तो चिडलेला बिबट्या असतो. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो आणि कुत्र्याची उघडी राहतात, हा भेद प्राथमिक असला तरी सुट्टी चार दिवसांचीच असते. दुसरा वर्ग शनिवार-रविवारच्या गिर्यारोहकांचा. चंद्रगड किंवा मंगळगड चढताना त्यांना लेंड्या दिसतात, त्यांच्याशेजारी मोजमापासाठी चावी ठेवून छायाचित्र काढले जाते, आणि संध्याकाळपर्यंत चार जणांकडून पाच प्राण्यांची नावे येतात.

खरा जाणकार वर्ग तिसरा, आणि तो सर्वांत कमी बोलतो. रायगड जिल्ह्यातील कातकरी समाजाची उपजीविका पिढ्यान्पिढ्या रानाशी बांधलेली होती; कात पाडणे, कोळसा भाजणे, मध काढणे, मासे-खेकडे धरणे आणि तीरकामठ्याने लहानसहान शिकार करणे यांवर गुजराण करणाऱ्या या समाजाला केंद्र शासनाने आदिम, म्हणजे विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणले आहे. माग वाचणे हा त्यांच्यापैकी जुन्या माणसांच्या लेखी छंद नव्हता. चुकीचा वाचला तर संध्याकाळी चूल पेटत नसे. अशा माणसाला पऱ्ह्याच्या काठी नेऊन ठसा दाखवला, तर तो आधी ठशाकडे पाहत नाही. तो वाऱ्याची दिशा पाहतो, पलीकडच्या काठावर गवत कोठे दबले आहे ते पाहतो, आसपास बेहड्याची फळे पडली आहेत का आणि ती चघळलेली आहेत का हे पाहतो, मग उकिडवा बसून बोटाने ठशाची कड चाचपतो, आणि बराच वेळ गेल्यावर म्हणतो, “असंल भेकार.” या ‘असंल’मध्ये जेवढी अचूकता आहे तेवढी चाकरमान्याच्या ‘शंभर टक्के’मध्ये नसते, पण गावकीत वजन शंभर टक्क्यांनाच मिळते.

चौथा वर्ग शासकीय होय, आणि नराच्या खुणांचे वाचन आज जर कोठे पैशाशी जुळत असेल तर ते येथेच. वन्यप्राण्यांनी पीक खाल्ले तर शासन नुकसानभरपाई देते. त्यासाठी ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो आणि मग वन खात्याचा माणूस, तलाठी व कृषी सहायक शेतावर येऊन पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष घटनास्थळाची लेखी नोंद, करतात. भरपाईस पात्र प्राण्यांच्या शासकीय यादीत रानडुक्कर, रानगवा, माकड यांच्या बरोबरीने ‘हरीण (सारंग व कुरंग)’ अशी नोंद आहे, त्यामुळे वरकस उतारावर दोन गुंठे नाचणी लावणाऱ्या शेतकऱ्याला आपले पीक खाणाऱ्याची शिंगे भरीव होती की पोकळ याची काळजी करण्याचे कारण उरत नाही. काळजी वेगळीच असते. शेजाऱ्याचा बैल किंवा म्हैस या यादीत नाही.

म्हणून बांधावर जे घडते ते कोणत्याही साहित्यसंमेलनातील परिसंवादाच्या तोडीचे असते. शेतकऱ्याच्या मते ठसा सांबराचा, तोही मोठ्या नराचा, कारण नुकसान मोठे आहे. शेजाऱ्याच्या मतेही तो सांबराचाच, कारण त्याच्या बैलाला काल दावणीला बांधले होते की नाही हे त्याला नीटसे आठवत नाही. वनरक्षक वाकून पाहतो. सांबर नाचणीचे कणीस आणि कोवळी पाने ओरबाडून खाते, वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे तुटलेल्या ताटाची कड फाटलेली असते. बैलाच्याही वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे तो पुरावा दोघांनाही सारखाच लागू पडतो. रानडुक्कर असता तर जमीन नांगरल्यासारखी उकरलेली दिसली असती. मग लेंड्यांचा शोध सुरू होतो, कारण सांबर लेंड्या टाकते आणि बैल शेण, आणि येथे मात्र मतभेदाला जागा नसते. लेंड्या सापडतात. त्या बांधाच्या बरोबर मधोमध, पंचांना वाकावे लागू नये अशा ठिकाणी, ढीग करून सापडतात, आणि किंचित सुकलेल्या असतात. तलाठी त्यांच्याकडे पाहतो, शेतकरी डोंगराकडे पाहतो, आणि वनरक्षक, जो याच तालुक्यातला असून ज्याच्या घरीही नाचणी आहे, खाली बसून खुराच्या ठशाला टेप लावतो.

कृषी सहायकाला तेवढ्यात बांधाच्या खालच्या अंगाला, बैल उतरूच शकणार नाही अशा उतारावर, एका झाडाची साल कमरेच्या उंचीवर सोललेली दिसते. ओली, चिकट, आदल्या रात्रीची. सांबर खरोखरच येऊन गेलेले असते, आणि ज्याने दावा केला त्याच्यासकट कोणालाच ते अपेक्षित नसल्यामुळे थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग शेतकरी सावरतो आणि हा नर केवढा असेल, त्याची शिंगे किती लांब असतील, यावर तपशीलवार माहिती देऊ लागतो, शेजारी त्यात भर घालतो, आणि हे सगळे पंचनाम्यात घ्यावे असा आग्रह धरला जातो. तलाठी पेन थांबवून विचारतो की नराने खाल्ले काय आणि मादीने खाल्ले काय, रक्कम तीच येणार आहे ना, आणि क्षेत्र किती ते सांगा.